आधी तुहा हात

काकाजी चमच्यानं जेवायचे. वरणभात चमच्यानं, भाकर कुस्करून चमच्यानं, लग्नाच्या पंगतीतला लाडूसुद्धा चमच्यानं फोडून. पितळेचा एक चमचा त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात कायम असायचा. सगळी पंगत हातानं ओरपतेय आणि मधे हा माणूस साहेबासारखा बसलाय, हे पाहून बाहेरगावचे पाहुणे तोंडाला उपरणं लावून हसायचे. आमच्या समाजाची माणसं मात्र हसायची नाहीत. ती मानेत ताठा आणून सांगायची, "काकाजीचा हात कापसाचा हाय जी. वरणाले कसा लावतीन?"

पौषात माझी बायको गेली. तेरवी होऊन आठवडा होतो न होतो तोच समाजाच्या मंडळाची तीन माणसं जीपमधून दुसरबीडला माझ्या दारी उतरली. मला वाटलं, भेटायला आली. मी पाणी दिलं. प्यायली. "बाईंचं कळलं, वाईट झालं," एकजण म्हणाला, आणि त्याची मिशी पुसून होण्याआधीच दुसरा म्हणाला, "आबा, आम्ही काकाजींवर पुस्तक काढतोय. वसतिगृहात त्यांचा मोठा फोटो पण लावायचा आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेले आता तुम्हीच एक उरले. तुमच्या आठवणी लिहून द्या. ती ओल्या कापसाची गोष्ट तर पाहिजेच पाहिजे."

ओल्या कापसाची गोष्ट आमच्या समाजात सगळ्यांना पाठ आहे. कोणा लबाडानं वजन वाढवायला कापसात पाणी मारलं. काकाजींनी त्यात हात घातला, अस्तनी भिजली, आणि काकाजी भर बाजारात म्हणाले, "कोरडा! एक नंबर!" बाजार पोट धरून हसला आणि लबाडानं पाय धरले. असे काकाजी विनोदी.

मी म्हटलं, लिहितो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा लिहिणं वेडंवाकडं होईल. खोटं होणार नाही.

काकाजी खामगावच्या बाजारात कापसाचे पारखी होते. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी राहिली की पारख्यानं कापसात खोल हात घालायचा, चिमूट उपसायची, दोन्ही हातांच्या बोटांत धागा ओढायचा आणि सांगायचं: लांब का आखूड, मऊ का राठ, कोरडा का दमट. त्या शब्दावर भाव ठरायचा. बंडीवाला, दलाल, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाचे शेठजी, सगळ्यांचा जीव त्या दोन बोटांत अडकलेला असायचा.

आमचा समाज तेव्हा सगळा मातीत. पगाराचा माणूस औषधाला नाही. काकाजी पहिले. मग त्यांनी ठरवलं की मेहकर, चिखली, देऊळगाव राजा, घाटावरची घाटाखालची समाजाची पोरं जमवायची, त्यांना वळण लावायचं आणि बाजारात, जिनात कुठं ना कुठं चिकटवून द्यायची. हे त्यांनी केलं, ते मी नाकारत नाही. आज समाजात जे कोटवाले, टोपीवाले, बंगलेवाले दिसतात, त्यांच्या बापाला नाहीतर आजाला काकाजींनीच पहिली भाकर दाखवली.

माझा बाप मला घेऊन गेला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं. बापानं नारळ ठेवला. काकाजींनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा उजवा हात उचलला, माझी बोटं स्वतःच्या गालावर घासली आणि डोळे मिटून बसले. ते सगळ्यांच्या बाबतीत असंच करायचे.

"नांगर धरला का बे?"

"हाव जी."

"लागते गालाले. आता नांगर नाही, कुऱ्हाड नाही, दोर नाही. रोज लोणी चोळ. बोटाले घट्टा पडला का पारखी मेला. बायको हाय?"

"हाव जी."

"बरं हाय. मंग भारी काम थे करीन."

अशी माझी भरती झाली. माझी आणि तिची.

दर रविवारी समाजाच्या राममंदिराच्या ओसरीवर बैठक. नव्या पोरांनी पुढं बसायचं, नोकरीला लागलेल्यांनी मागं, बाया खांबापलीकडं. शेठजीपुढं उभं कसं राहायचं, चपला कुठं काढायच्या, शेठजी बोलत असताना कान खाजवायचा नाही, नागपूरचा साहेब आला तर हात जोडून बाजूला व्हायचं पण कमरेत मोडायचं नाही. हे सगळं काकाजी करून दाखवायचे, स्वतः साहेब होऊन, मग स्वतःच शेठजी होऊन. शेठजीपुढं 'मले' म्हणायचं नाही, 'मला' म्हणायचं, हा तर मोठाच धडा. आम्ही ओसरीवर बसून 'मला, तुला, त्याला' घोकायचो आणि कोणी चुकला की काकाजी छत्रीची मूठ फरशीवर आपटायचे, "मले वाटते, तुमाले अक्कलच नाही बे!"

पैशाला ते शिवायचे नाहीत. पान घ्यायचं असलं तरी बरोबरच्या पोरानं पैसे द्यायचे, मोड त्यानंच ठेवायची. "पैशानं बोट मरते," म्हणायचे. लोक त्यांना साधू समजायला लागले. सकाळी त्यांच्या कोटाच्या गुंड्या आम्ही लावायच्या. त्या लावायला मिळणं म्हणजे मर्जीतला माणूस. दोन जाणती, मिसरूड फुटलेली पोरं एकदा त्या गुंड्यांवरून एकमेकांच्या उरावर बसली. देवापुढचं निरांजन लावायचं तर वात आम्ही वळायची, काडी आम्ही ओढायची, काकाजी नुसते हात जोडून उभे. कोणी त्याला थाट म्हणे, कोणी भक्ती.

आणि बाजारात त्यांची रीतच वेगळी. बंडीपुढं आलं की म्हणायचे, "आधी तुहा हात." पोरानं आधी हात घालायचा, धागा ओढायचा आणि त्यांच्या कानात सांगायचं. मग काकाजी कोटाची बाही मागं सारून हात घालायचे, आभाळाकडं पाहायचे, ओठ हलवायचे जसा काही मंत्र चालू आहे, आणि मोठ्यानं निकाल द्यायचे. आम्हाला वाटायचं, आमची परीक्षा घेतात. पोरगं चुकलं की दुपारी छत्रीचा दांडा पाठीत. काकाजीच चुकले असं मात्र कधी झालं नाही. निदान मी बरोबर असायला लागल्यापासून तरी नाही. मी लवकर बरोबर असायला लागलो. शाळेत मला काही आलं नाही, पण कापूस बोटांना बोलायचा. काकाजी दुसऱ्या पोरांना मागं ठेवून मलाच बरोबर न्यायला लागले.

आम्हाला मंदिरामागची खोली दिलेली. विहीर खोल, रहाट जुना, दोर अंबाडीचा. दोराला हात लावायची मला बंदी. ती ओढायची. पाणी ती, लाकडं ती, दळण ती, सारवण ती. मी दाराशी बसून बोटांना लोणी लावायचो. शेजारच्या बाया तिला विचारायच्या, "काहो वयनी, तुमचा मानूस लुळा हाय का?"

ती म्हणायची, "लुळा नाही माय. कापूस हाय. दमट झाला तर भाव पडते."

तिचं नाव अनसूया. तुमच्या पुस्तकात ते कुठं येणार नाही, म्हणून इथं लिहितो.

आम्हा दोघांना एकच गोष्ट पाहिजे होती. जिनात पक्का पारखी झालं की आवारातली खोली मिळायची आणि खोलीच्या भिंतीला नळ असायचा. बॉयलरच्या टाकीचं पाणी त्याला यायचं. एकदा जीन बंद असताना मी तिला तो नळ दाखवायला नेलं. तिनं सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"हे असं बसल्या जागी येते?"

"हो."

"मंग मी दिवसभर करू काय?" असं म्हणून ती इतकी हसली की चौकीदार बाहेर आला.

पक्की जागा काकाजींच्या शब्दावर. 'पोट्टा तयार झाला,' एवढं त्यांनी शेठजीला म्हणायचं होतं. माझ्या मागून आलेली, ज्यांना दमट-कोरडं धड कळत नव्हतं अशी पोरं कोणी मापारी झाली, कोणी गोदामावर लागली, कोणी कारकुनाच्या गादीवर बसली. मी विचारलं की एकच उत्तर, "तुही बोटं आजून कच्ची हायेत. आजून एक हंगाम काढ."

असे हंगाम निघत गेले. मग तिला दिवस गेले.

मी काकाजींना जेवायला बोलावलं. वाटलं, घर पाहतील, तिला पाहतील, विहीर पाहतील. आले. पितळी चमचा काढून बसले. गप्पा फार रंगल्या त्यांच्या. तिनं चुलीवरून उकळत्या कढीची वाटी फडक्यात धरून आणली आणि ताटाशेजारी ठेवता ठेवता म्हणाली, "सावकाश, लय गरम हाय जी." काकाजींनी बोलता बोलता ती वाटी बोटांत उचलली आणि तशीच धरून बोलत राहिले. समाजाला कसं वर आणायचं ते सांगत होते. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. ती कुठं पाहत होती ते मला पुढं कळलं. मग काकाजी एकदम थांबले, वाटी खाली ठेवली, हात कोटाच्या बाहीत ओढून घेतला आणि म्हणाले, "बरं, पोट्टीले जपा. या हंगामाले पाहू."

त्या हंगामात आवक जोरात होती. बंड्यांच्या रांगा पार सडकेपर्यंत. मी पहाटे जायचो, दिवेलागणीला यायचो. एक दिवस सकाळीच मंदिराचा पुजारी बाजारात मला शोधत आला. दोर ओला होता, तिच्या हातातून सुटला, भरली बादली खाली गेली आणि रहाटाचा दांडा उलटा फिरून तिच्या पोटात बसला. सातवा चालू होता. मुलगा होता. सुईण म्हणाली, बाई वाचली हे नशीब, पण आता पुन्हा आशा ठेवू नका. आम्ही ठेवली. काही झालं नाही.

काकाजी आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. छत्री टेकून अंगणात उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. "देवाची मर्जी," म्हणाले. मग निघताना वळून म्हणाले, "दोन-चार रोज राह्य घरी. पण मंग ये बाबा. माहं लय अडते."

मी गेलो. न जाऊन काय करणार होतो?

त्या दिवशी घाटाखालच्या एका शेतकऱ्याची बंडी समोर होती. वरचा कापूस चांगला फुललेला, पांढरा, ऊन पडलेला. काकाजी म्हणाले, "आधी तुहा हात." मी हात घातला. वरचा थर सोडला की खाली ओलागच्च. पाणी मारताना त्या येड्याचा अंदाज चुकलेला, मुठीत धरला तर पाझरेल असा कापूस. मी हात बाहेर काढला. काकाजींनी कान पुढं केला.

माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. मुद्दाम गप्प बसलो असं कोणी म्हणेल. तसं नव्हतं. चार दिवस मी कोणाशीच बोललेलो नव्हतो. ओलं लागलं आणि मला ती विहीर दिसली, ओला दोर दिसला. तोंड उघडेना.

काकाजींनी कोपरानं मला ढोसलं. पुन्हा ढोसलं. लोक बघायला लागले तेव्हा त्यांनी बाही सारली आणि हात कोपरापर्यंत घातला. त्या ओल्यात. तिथं हात ठेवून ते आभाळाकडं पाहत उभे राहिले आणि माझी वाट पाहत राहिले. लहान लेकराला कळेल असं ओलं, आणि त्या माणसाच्या तोंडावर काही नाही. भिंतीला हात लावल्यासारखं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तसे डोळे मी परत एकदाच पाहिले, खाटकाकडं नेलेल्या आमच्या म्हाताऱ्या बैलाचे. आणि ते मोठ्यानं म्हणाले, "कोरडा! लांब धागा. एक नंबर."

हात वर आला तेव्हा बोटांना कापसाचे ओले बोळे चिकटलेले आणि बाही टपटपत होती. खुद्द पाणी मारणारा तोंड वासून उभा.

त्या घडीला मला सगळं कळलं. चमचा कळला. गुंड्या कळल्या. पैसा, वात, काडी, गाल, सगळं कळलं. त्या माणसाची बोटं मेलेली होती, पार कोपरापर्यंत हातच मेलेला होता. किती वर्षांपासून, देव जाणे. डोळा होता, रंग आणि कचरा अजून नजरेनं ओळखायचे, पण बोट गेलेलं होतं आणि ते आमच्या बोटांवर जगत होते. त्यातही माझ्या. म्हणून माझी बोटं कच्ची होती. म्हणून मला नळ नव्हता.

दलाल पुढं सरकला. "काकाजी, काय म्हणून राह्यले तुमी?"

मी हसलो. कसा हसलो माहीत नाही. म्हणालो, "मालक, काकाजी थट्टा करून राह्यले. बंडीवाल्याचं तोंड पाह्यत होते. पाणी मारलंय त्यानं, अस्तनी पाहा ना." आणि सगळा बाजार जो हसला, तो अजून हसतोच आहे. बंडीवाल्यानं पाय धरले. काकाजींनी ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला माफ केलं.

ही तुमची ओल्या कापसाची गोष्ट.

घरी येऊन मी अनसूयेला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "मले माहीत व्हतं. कढीच्या वाटीनं बोटाले फोड आले त्याच्या, अन् थो बोलतच व्हता."

"मंग काऊन नाही सांगतलं मले?"

"सांगतलं असतं तं तुमी बाजारात बोलले असते. लोकायनं महारोग म्हणलं असतं. गावाबाहेर काढलं असतं त्याले, अन् त्याच्या म्हाताऱ्या बायकोले. थे म्हातारी मले ताक देते." मग म्हणाली, "मी हाय तवर कोणापाशी बोलू नका. मले तिचा तळतळाट नाही पाह्यजे."

"अन् आपलं काय?"

"तुमी वाचवलं त्याले आज. थो काय दगड हाय? देईन आता जागा."

मीही तेच धरून होतो. चार लोकांत इज्जत राखली, आता तरी माणूस शब्द टाकेल.

रविवारी बैठक भरली. ओसरी गच्च. काकाजींनी मला पुढं बोलावलं. अनसूया खांबाला धरून उभी होती, दुखण्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर आलेली. काकाजींनी माझा हात धरला, माझी बोटं गालावर घासली, डोळे मिटले. मग हात सोडून दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेली. याची बोटं गेली. बायकोच्या दुखण्यात यानं दोर वढला, लाकडं फोडली. राठ झाली. मी शेठजीले सांगतलं, याच्यावर भरवसा ठेवू नका."

मी दोर ओढलेला नव्हता. तिच्या दुखण्यातही पुजाऱ्याची बायको पाणी टाकत होती. माझी बोटं लोण्यासारखी होती. मागं बसलेल्या कोणीही उठून हात लावून पाहिला असता तरी कळलं असतं. कोणी उठलं नाही. काकाजींनी हात लावून सांगितल्यावर पुन्हा कोण पाहणार? एकजण उलट चुकचुकला, "एवढं शिकवलं, मातेरं केलं पोरानं."

एका वाक्याचं काम होतं. 'काकाजी, ही निरांजनाची वात हातानं वळून दाखवा,' एवढं म्हटलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. वाक्य ओठाशी आलं होतं. मी खांबाकडं पाहिलं. अनसूयेनं मान हलवली. नाही.

मी खाली उतरलो. माझ्या जागेवर काकाजींनी मेहकरकडच्या एका पोराला उभं केलं आणि त्याची बोटं गालाला लावली.

खामगावच्या बाजारात मग मला कोणी उभं केलं नाही. जो तो काकाजींनी चिकटवलेला. आम्ही दुसरबीडला परत आलो. पहिल्याच सकाळी मी तिच्या हातून दोर काढून घेतला. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड. तिनं ते बघितले, तेल लावलं आणि म्हणाली, "पडला भाव तुमचा." त्या पोटातल्या मुक्या मारानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

त्यानंतर तिला मी कधी दोराला हात लावू दिला नाही. तिची कंबर त्या दांड्यानं कायमची गेलेली, एक पाय ओढत चालायची. तिचा हंडा वेगळा, तांब्याचा. आधी तो भरायचा, मग माझी मातीची घागर. तो हंडा ती रोज चिंचेनं घासायची. काकाजी मेले तेव्हा समाजानं मोठी मिरवणूक काढली असं कळलं. ती म्हणाली, "म्हातारी एकटी पडली असन." बस. तिनं त्या माणसाला कधी शिवी दिली नाही. मी देतो. रोज देतो. ती आहे तोवर बोलायचं नाही असा शब्द होता, तो आता संपला.

तुमच्या पुस्तकात हे बसणार नाही, मला ठाऊक आहे. नका छापू. फोटो लावा, हार घाला. पण त्या दिवशी माझ्या दारात तुम्ही पाणी प्यायलात, आठवतं का? एकानं पुन्हा मागितलं, म्हणाला, गोड आहे विहीर. ते पाणी तांब्याच्या हंड्यातलं होतं. ती गेल्यावरही सकाळी विहिरीवर गेलो की हात आधी तोच भरतो. घरी आणून ठेवतो आणि मग ध्यानात येतं. पिणारं कोणी नसतं. दुसऱ्या सकाळी अंगणात ओतून देतो. त्या दिवशी तुम्ही आलात, म्हणून तुम्हाला दिलं.